पाहुणं गाणं : 'आप जैसा कोई'

'कुर्बानी'चं संगीत कोणाचं, असं विचारलं तर जुनी जाणकार मंडळी क्षणाचाही विलंब न लावता सांगतील, कल्याणजी-आनंदजी. बरोबर. आता त्यांनाच विचारा, 'कुर्बानी'तलं पहिलं आठवणारं गाणं कुठलं? बहुतेक जण 'आप जैसा कोई' म्हणतात. आणि नेमकं तेच गाणं कल्याणजी-आनंदजींचं नाही! ते मुंबईत झालं नाही, मुंबईच्या वादकांनी वाजवलं नाही, मुंबईच्या कुठल्या गायिकेने गायलं नाही. लंडनमध्ये एका पॉप संगीतकाराने एका शाळकरी मुलीकडून गाऊन घेतलेलं, पॉप सिंगलसारखं बनवलेलं हे गाणं. ते विमानाने आलं आणि हिंदी सिनेमात पाहुण्यासारखं येऊन बसलं.

तर मंडळी, आजचा विषय हा पाहुणा.

हे गाणं माझ्या जन्माच्या बरंच आधीचं. माझ्या पिढीला ते थेट मिळालंच नाही. आम्हाला मिळालं ते लग्नाच्या वरातीतल्या बँडकडून, गणपतीतल्या ऑर्केस्ट्राकडून आणि मग रीमिक्समधून. मूळ गाणं चांगल्या हेडफोनवर नीट लक्ष देऊन मी ऐकलं ते नोकरीला लागल्यावर, एका लांबलेल्या रिलीजच्या रात्री बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघताना. आणि ऐकताना सारखं वाटत राहिलं की हे त्या काळच्या इतर हिंदी गाण्यांसारखं 'बांधलेलं'च नाहीये. चाल वेगळी, ठेका वेगळा हे तर कोणालाही कळतं. पण आतली रचना, म्हणजे आमच्या भाषेत आर्किटेक्चर, तेच वेगळं आहे. का, ते शोधायला लागलो आणि एक अख्खा वीकेंड त्यात गेला.

आधी मुंबईत गाणं कसं व्हायचं ते बघू, म्हणजे फरक कळेल.

१९७० च्या दशकात हिंदी सिनेमाचं बहुतेक गाणं म्हणजे एक मोठं लग्नघर असायचं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब असे स्टुडिओ ठरलेले. सकाळपासून वादक जमायचे. व्हायोलिनवाल्यांची फौज, ब्रास, गिटार, ढोलक-तबलेवाले, कोरस. संगीतकाराच्या डोक्यातली चाल कागदावर उतरवून प्रत्येकाच्या हातात त्याच्या वाट्याचं नोटेशन द्यायचं काम अरेंजरचं. या अरेंजर आणि वादक मंडळींत गोव्याच्या लोकांचा भरणा मोठा होता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरांना पाश्चात्त्य नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तीच पोरं पुढे पोटासाठी मुंबईला आली. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावं. (हो, 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यातलं ते नाव याच गोन्साल्विस सरांचं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते.)

मग सगळे एकदम वाजवायचे आणि गायक-गायिका त्यांच्याबरोबरच, काचेपलीकडच्या खोलीत उभं राहून गायचे. रेकॉर्डिस्ट हे सगळं तिथल्या तिथे मिसळून टेपवर घ्यायचा. पाचव्या मिनिटाला एका व्हायोलिनचा गज चुकीचा पडला की झालं! पुन्हा पहिल्यापासून, सगळ्यांनी. यात जोखीम प्रचंड, पण एक जिवंतपणाही असायचा. गायिकेला समोर ऑर्केस्ट्राचा श्वास ऐकू यायचा. आणि एकदा 'ओके' झालं की ते गाणं म्हणजे एकसंध दगड. त्यातली बासरी तेवढी बाहेर काढा, आवाज जरा पुढे घ्या, असलं काही नंतर करता यायचं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना मोनोलिथ म्हटलं की लगेच कळेल.

आता लंडन. तिथे १९७० च्या दशकात पॉप रेकॉर्ड करायची पद्धत पार बदललेली होती. रुंद टेपवर शेजारी शेजारी २४ पट्ट्या, म्हणजे २४ ट्रॅक. आधी ड्रम्स एका दिवशी घ्या. त्यावर बास चढवा. मग गिटार, कीबोर्ड, तंतुवाद्यं. सर्वांत शेवटी गायकाला बोलवा, त्याच्या कानात आधीचं सगळं वाजवा आणि गाऊन घ्या. आवडलं नाही तर फक्त तो ट्रॅक पुसून पुन्हा घ्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. वादक आणि गायक एकमेकांना भेटले नाहीत तरी चालतं. आणि सगळं झाल्यावर निवांत बसून प्रत्येक ट्रॅक कमी-जास्त करत मिश्रण करायचं. 'आप जैसा कोई' असं २४ ट्रॅकवर झालं. म्हणजे मॉड्यूल वेगळी, इंटिग्रेशन शेवटी. माझ्या कानाला जे खटकत (की सुखावत?) होतं, ते हे. प्रत्येक गोष्ट स्वच्छ वेगळी ऐकू येते. सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक ड्रमचा तो 'प्यूव' करत घसरणारा आवाज, खालून बास, आणि या सगळ्याच्या वर अधांतरी तरंगणारा एक कोवळा आवाज.

हे करणारा माणूस बिद्दू. पूर्ण नाव बिद्दू अप्पय्या. बंगलोरचा, कोडव म्हणजे कूर्गी घरातला. तरुणपणी त्याचा 'ट्रोजन्स' नावाचा बँड होता, बीटल्सच्या वळणाची गाणी गायचे. १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवटी, गोरे हिप्पी जमिनीच्या रस्त्याने युरोपातून भारतात येत होते तेव्हा हा गडी उलट दिशेने मध्यपूर्वेतून लंडनला गेला. तिथे धडपडत संगीत निर्माता झाला.

त्याचं नशीब उघडलं ते एका 'बी साइड'ने. छोट्या तबकडीच्या एका बाजूला कंपनीला खपवायचं असलेलं गाणं, आणि दुसरी बाजू रिकामी ठेवता येत नाही म्हणून तिथे काहीतरी. १९७४ साली बिद्दू कार्ल डग्लस नावाच्या जमैकन गायकाचं गाणं करत होता. मुख्य गाण्यातच स्टुडिओचा बराचसा वेळ संपला. उरलेल्या जेमतेम दहा मिनिटांत बी साइड उरकली, ब्रूस लीच्या लाटेवरचं एक गमतीचं गाणं. कंपनीने ऐकलं आणि म्हणाली, हीच मुख्य बाजू करा. ते गाणं म्हणजे 'कुंग फू फायटिंग'. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर! पुढे १९७६ साली टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही बिद्दूनेच केलेलं. युरोपात डिस्को रुजवणाऱ्या लोकांत याचं नाव घेतलं जातं, आणि आपल्याकडे त्याला फारसं कोणी ओळखतही नव्हतं.

ओळखत होता एक माणूस. फिरोज खान. तोही मूळचा बंगलोरचाच, अफगाण वडिलांचा मुलगा. गॉगल, घोडे, गाड्या यांची हौस असलेला, स्वतःच निर्माता, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच हीरो. 'कुर्बानी'साठी त्याला झीनत अमानवर क्लबमधलं एक गाणं हवं होतं आणि ते 'तिकडच्यासारखं' वाजायला हवं होतं. असं हवं असणारे निर्माते मुंबईत ढिगाने होते. ते काय करायचे? तिकडची रेकॉर्ड आपल्या संगीतकाराला ऐकवायचे आणि 'असं काहीतरी करा' म्हणायचे. फिरोज खानने तिकडचा माणूसच गाठला. हे त्या काळी कोणाला सुचू नये इतकं सरळ होतं.

गंमत बघा. अमेरिकेत तोवर डिस्कोची हवा गेलेली. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर लोकांनी आणलेल्या डिस्कोच्या रेकॉर्ड्स पेटीत भरून स्फोटाने उडवल्या होत्या, त्यावर दंगल होऊन सामना रद्द करावा लागला. तिकडे तेरावं चालू आणि इकडे आपल्याकडे बारसं!

गायिका फिरोज खानला सापडली लंडनच्या एका पार्टीत. नाझिया हसन. जन्म ३ एप्रिल १९६५, कराचीचा. बालपण कराची आणि लंडन असं वाटलेलं. पाकिस्तान टेलिव्हिजनवर मुलांच्या कार्यक्रमात गाण्यापलीकडे अनुभव नाही. रियाज, घराणं, गुरू काही नाही. फिरोज खानने तिला बिद्दूकडे पाठवलं आणि बिद्दूने तिला घेतलं. रेकॉर्डिंगच्या वेळी वय चौदा-पंधरा.

इथे मला थोडं थांबायचंय. कारण 'एका शाळकरी मुलीला चान्स मिळाला आणि ती स्टार झाली' अशी ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खोटी नाही, पण तिचा आवाज त्या पद्धतीशिवाय शक्यच नव्हता हे कोणी सांगत नाही. कल्पना करा, हीच मुलगी ताडदेवच्या स्टुडिओत साठ-सत्तर वादकांबरोबर एका टेकमध्ये गायला उभी केली आहे. तिचा आवाज बारीक, किंचित नाकातला, सरळ जाणारा. मुरकी नाही, हरकत नाही. ऑर्केस्ट्रासमोर तो पालापाचोळ्यासारखा उडून गेला असता. तिथे तीस वर्षांच्या तयारीचे, मैलभर जाणारे, एका टेकमध्ये सूर लावणारे गळेच टिकायचे. लंडनमध्ये मात्र तिला कोणाशीच झुंजायचं नव्हतं. बंद खोली, कानाला हेडफोन, समोर माइक, हळू गायलं तरी चालेल. चालही अशी की फार वर-खाली धावत नाही. हेडफोनवर नीट ऐका, आवाज दुहेरी वाटतो, जणू दोन नाझिया एकदम गातायत. एकाच आवाजावर त्याचाच आवाज चढवायचा हा पॉपवाल्यांचा जुना उपाय, बारीक आवाजाला त्याने अंग येतं. आणि तो उपाय करायला वेगळा ट्रॅक लागतो.

म्हणजे नवा आवाज हवा म्हणून नवी पद्धत आली असं नाही. पद्धत नवी होती म्हणून हा आवाज आत येऊ शकला. मला तरी हा या गाण्याचा सगळ्यांत मोठा मुद्दा वाटतो.

शब्द इंदीवर यांचे. तोच कवी, ज्याने 'सरस्वतीचंद्र'मध्ये शुद्ध संस्कृतप्रचुर 'चंदन सा बदन' लिहिलं होतं. बारा वर्षांत चंदनापासून डिस्कोपर्यंत! पण धंद्यातला माणूस असाच असावा लागतो. त्याने साधे, छोटे, ठेक्यावर टपटप पडणारे शब्द दिले.

आता कल्याणजी-आनंदजींबद्दल, कारण त्यांच्यावर या गोष्टीत अन्याय होतो. त्यांना 'जुने, त्यामुळे त्यांच्या डोक्यावर बिद्दू आणून बसवला' असं रंगवलं जातं. हे दोघे कच्छी भाऊ, वाढले आपल्या गिरगावात. वडिलांचं किराण्याचं दुकान. एका गिऱ्हाइकाने उधारी फेडायला पैसे नाहीत म्हणून पोरांना संगीत शिकवलं, अशी त्यांच्या सुरुवातीची गोष्ट. 'नागिन'मधली (१९५४) ती जगप्रसिद्ध बीन आठवते ना? ती पुंगी नव्हेच. ते क्लॅव्हिओलिन नावाचं इलेक्ट्रॉनिक वाद्य होतं, आणि वाजवणारे होते कल्याणजी. हेमंतकुमारांच्या संगीतात. म्हणजे हिंदी सिनेमात इलेक्ट्रॉनिक आवाज रुजवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एकाच्याच सिनेमात बिद्दूचं गाणं आलं. त्यांचे धाकटे भाऊ बबला यांचा तर तालवाद्यं आणि डिस्को दांडिया हाच प्रांत. मागासलेपणाचा आरोप करायला ही माणसं चुकीची आहेत.

आणि 'कुर्बानी'तच त्यांनी स्वतःचं क्लब साँग केलंय, 'लैला ओ लैला'. गायलंय कंचन यांनी, म्हणजे बबलांच्या पत्नी, आणि अमित कुमार. चित्रण झीनत अमान आणि फिरोज खानवर. एकाच सिनेमात, एकाच नायिकेवर, दोन क्लब साँग्ज. एक गिरगावच्या घरातलं आणि एक लंडनचं. दोन्ही पाठोपाठ ऐका. 'लैला'मध्ये माणसं वाजवतायत हे जाणवतं, ठेका थोडा मागेपुढे झुलतो, त्याला घाम आहे. 'आप जैसा कोई' कोरडं, थंड, घड्याळासारखं. डिस्कोला तेच हवं असतं, कारण नाचणाऱ्याचा पाय चुकता कामा नये. मला विचाराल तर नाचायला 'लैला' आणि ऐकायला 'आप जैसा'. हे उलटं आहे, माहीत आहे.

शिवाय त्याच झीनतला रफीसाहेबांबरोबरच्या द्वंद्वगीतात आशाताईंचा आवाज आहे. एका नायिकेला तीन गाण्यांत तीन आवाज! एरवी नायिकेला साजेसा आवाज, तिचा स्वभाव त्या आवाजात, वगैरे चर्चा व्हायची. इथे ते काहीच नाही. तिशीला टेकलेली झीनत, आणि गळा नववी-दहावीतल्या मुलीचा. कोणाला खटकलं नाही. कारण हे गाणं त्या पात्राचं नव्हतंच. ते एक रेकॉर्ड होतं आणि झीनत त्या रेकॉर्डवर ओठ हलवत होती. काढून दुसऱ्या सिनेमात लावलं असतं तरी काही बिघडलं नसतं. 'लूजली कपल्ड' म्हणतात तसं.

सिनेमा २० जून १९८० ला लागला आणि तुफान चालला. त्याच जून महिन्यात सुभाष घईंचा 'कर्ज'ही आला, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीताचा. फिरत्या भल्यामोठ्या रेकॉर्डवर नाचणारा ऋषी कपूर आणि 'ओम शांति ओम'. म्हणजे एकाच महिन्यात हिंदी सिनेमासमोर डिस्को करायच्या दोन रीती आल्या. एक, बाहेरची कल्पना घ्या आणि आपल्या ऑर्केस्ट्राने, आपल्या किशोरकुमारने वाजवा-गा. दोन, कारखानाच बाहेरचा घ्या. पुढच्या वर्षी फिल्मफेअरने संगीतकाराचं बक्षीस 'कर्ज'ला दिलं आणि पार्श्वगायिकेचं नाझियाला. वय पंधरा. ते बक्षीस मिळवणारी सर्वांत लहान, आणि पहिली पाकिस्तानी.

या बक्षिसामागे एक कहाणी आहे, जी कौतुकाच्या भरात सांगायची राहून जाते. लताबाईंनी १९७० च्या सुमाराला जाहीर केलं होतं की नव्यांना संधी मिळावी म्हणून मी यापुढे हे बक्षीस घेणार नाही. १९७९ साली आशाताईंना 'डॉन'मधल्या 'ये मेरा दिल'साठी बक्षीस मिळालं (संगीत पुन्हा कल्याणजी-आनंदजीच!) आणि त्यानंतर त्यांनीही आपलं नाव विचारात घेऊ नका असं कळवलं. दोन्ही बहिणी बाजूला झाल्यावर मग यादी बघा. १९८० वाणी जयराम, १९८१ नाझिया हसन, १९८२ परवीन सुलताना, १९८३ सलमा आगा, १९८४ आरती मुखर्जी, १९८५ आपल्या अनुपमा देशपांडे. सहा वर्षांत सहा नावं आणि त्यांतलं एकही या यादीत दुसऱ्यांदा येत नाही. एक दक्षिणेत गाजलेली, एक शास्त्रीय गायिका, एक नटी, एक बंगालीतली मोठी गायिका. नाझिया त्या ओळीतली दुसरी. बक्षीस मिळे, पण पाठोपाठ पुढच्या वर्षीची दहा गाणी मिळत नसत. गाण्यांचा कारभार होता तिथेच होता. दार उघडलं होतं ते समारंभाच्या हॉलचं. स्टुडिओचं नव्हे.

त्यामुळे मुंबईने या गाण्यातून काय उचललं ते बघण्यासारखं आहे. उचलला ठेका. बप्पी लाहिरींनी तो घेतला आणि 'नमक हलाल', 'डिस्को डान्सर' (दोन्ही १९८२) अशा सिनेमांतून गावोगावी नेला, मुंबईच्या वादकांना घेऊन, मुंबईच्या वेगाने. त्यात माझ्या मते कमीपणा काही नाही. 'डिस्को डान्सर' सोव्हिएत युनियनमध्ये जितका चालला तितका बिद्दूही कधी चालला नसेल. क्लबच्या एखाद्या गाण्यापुरते वेगळे आवाजही आले, उषा उथुप, पार्वती खान, विजय बेनेडिक्ट. पण पद्धत? आवाजागणिक वेगळा ट्रॅक, सावकाश मिश्रण, गायकाला पुरेसा वेळ? ते यायला अजून बरीच वर्षं लागली. आणि ते आलं तेव्हा व्हायोलिनवाल्यांची ती फौजही घरी बसली, हेही लिहायला हवं. एकेक ट्रॅक वेगळा घेता आला की साठ माणसांना एका दिवशी बोलवायची गरज उरत नाही, आणि कीबोर्ड आला की व्हायोलिनचीही नाही. ज्या तंत्राने नाझियाला आत घेतलं, त्याच तंत्राने गोव्याहून आलेल्यांच्या पुढच्या पिढीचं काम काढून घेतलं. आमच्या क्षेत्रात दर काही वर्षांनी एखादं नवं टूल येतं आणि आम्ही टाळ्या वाजवतो, तेव्हा हे वादक मला हमखास आठवतात. हल्ली तर जरा जास्तच.

असो. नाझियाकडे वळू.

सिनेमाने तिला पुढे फारशी गाणी दिली नाहीत, पण बिद्दूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. गाणं सिनेमापासून सुटं होऊ शकतं, तर सिनेमा हवाच कशाला? १९८१ साली नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांना घेऊन त्याने 'डिस्को दीवाने' काढला, एचएमव्हीवर. हीरो नाही, नायिका नाही, पोस्टर नाही, नुसती गाणी. भारतात आणि पाकिस्तानात धडाक्यात खपला. आज आपण ज्याला इंडिपॉप म्हणतो त्याची सुरुवात बरेच जण इथून धरतात, आणि पुढे १९९५ साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' करणाराही बिद्दूच होता हे पाहता ते पटतं.

मग एक मजेशीर प्रयोग झाला. १९८२ चा 'स्टार', कुमार गौरव आणि रती अग्निहोत्री. संगीत बिद्दूचं, 'बूम बूम' त्यातलंच. इथे गणित उलटं. 'कुर्बानी'त सिनेमा होता आणि त्यात एक पॉप गाणं बसवलं. 'स्टार'मध्ये पॉप गाणी होती आणि त्यांच्याभोवती सिनेमा बसवला. गाणी चालली, सिनेमा आपटला. पाहुण्याला चार दिवस सगळे जीव लावतात, त्याच्या नावावर घर केलं की पंचाईत होते.

पाकिस्तानात तेव्हा जनरल झिया यांची राजवट. भारतीय सिनेमांवर १९६५ पासून बंदी. म्हणजे ज्या सिनेमातल्या गाण्याने नाझिया घरोघरी पोचली तो सिनेमा तिच्या देशातल्या थिएटरात लागूच शकत नव्हता. पण कॅसेट शर्टाच्या खिशात मावते, तिला सरहद्द कसली! सिनेमापासून सुटं होऊ शकणारं गाणं किती दूर जातं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढे 'यंग तरंग', 'हॉटलाइन' असे अल्बम आले. १९८९ मध्ये पाकिस्तान टेलिव्हिजनवर 'म्युझिक ८९' या कार्यक्रमात ही भावंडं सूत्रधार होती, तिथल्या नव्या पॉप बँडांना त्यातून मोठं व्यासपीठ मिळालं.

या सगळ्यात ती शिकत होती. लंडनमध्ये अर्थशास्त्र-व्यवस्थापन, मग कायदा. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. १९९२ च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर तिने गाणं थांबवलं. तेव्हा ती २७ वर्षांची होती. आज माझं वय साधारण तेवढंच आहे, आणि अजून मला आपण नेमकं काय करायचं हे ठरवता आलेलं नाही. हिचं करिअर सुरू होऊन, शिखरावर जाऊन, संपूनही गेलं होतं! १३ ऑगस्ट २००० ला लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. वय ३५.

एक शेवटची तांत्रिक गोष्ट. २०१२ साली करण जोहरच्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' नव्याने आलं. संगीत विशाल-शेखर यांचं, सुनिधी चौहान आणि बेनी दयाल यांचे आवाज, आणि त्यांच्या जोडीला खुद्द नाझियाचा, १९८१ च्या रेकॉर्डिंगमधला. जाऊन बारा वर्षं झालेली ती मुलगी पुन्हा एकदा हिंदी सिनेमात गात होती, आणि पडद्यावर ओठ हलवणारे ते रेकॉर्डिंग झालं तेव्हा जन्मलेलेही नव्हते. 'आप जैसा कोई'ही २०२२ मध्ये 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हीरो'साठी पुन्हा केलं, पण तिथे आवाज दुसरे घेतले. ठेका जाड झाला, बास छातीत धडधडतो, सगळं व्यवस्थित आहे. पण मूळ गाणं लावा आणि पहिली ओळ सुरू होताना नाझिया कशी अगदी हलकेच, जवळजवळ बेफिकीरपणे आत शिरते ते ऐका. कोणाला काही सिद्ध करून दाखवायचंय असं त्या आवाजात कुठेच नाही.